नर्सिंगची जागा खाटेपाशी ठरते

प्रवेशाच्या याद्या लागल्या की दरवर्षी मला ओळखीच्या आणि अनोळखी पालकांचे फोन येतात. सूर बहुधा एकच असतो. मुलीला गुण चांगले आहेत, प्रवेश परीक्षाही बरी गेली होती, तरी नाव प्रतीक्षा यादीत गेले. एकीकडे जगभर परिचारिकांचा तुटवडा असल्याचे वाचायला मिळते, मग शिकायला तयार असलेल्या मुलांना दारातून परत का पाठवतात? वर्गात आणखी वीस बाके टाकली तर काय बिघडेल? हा प्रश्न एके काळी मीही विचारला होता आणि तेव्हा त्याचे नीट उत्तर मला कोणी दिले नव्हते. ते पुढे कितीतरी वर्षांनी, वॉर्डात ड्युटी करताना सापडले, म्हणून येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

माझा स्वतःचा प्रवेश तिसऱ्या प्रयत्नात झाला. पहिल्या वर्षी यादीत नावच नव्हते. दुसऱ्या वर्षी प्रतीक्षा यादीत अकरावा क्रमांक लागला आणि वर्ग सुरू होऊन तीन आठवडे उलटेपर्यंत मी फोन हाताशी ठेवून बसत होते. यादी सातव्या क्रमांकापर्यंत सरकली आणि तेथेच थांबली. कार्यालयात चौकशीला गेले तेव्हा खिडकीमागच्या गृहस्थांनी मान वर न करता ‘पुढच्या वर्षी पाहा’ एवढेच सांगितले. आपल्यातच काहीतरी उणे आहे अशी त्या वर्षी माझी खात्री झाली होती. सातव्या आणि अकराव्या क्रमांकात जेमतेम अर्ध्या गुणाचे अंतर होते, हे मला ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि पटणे यांत फार फरक असतो.

आता वॉर्डाकडे येते, कारण खरी गोष्ट तेथे आहे. गेली सहा वर्षे माझ्या ड्युटीत विद्यार्थिनींना हाताखाली घेऊन शिकवण्याचे काम असते. तीस खाटांचा मेडिसिनचा वॉर्ड, सकाळची पाळी. एरवी मी एखादे इंजेक्शन चार मिनिटांत देऊन पुढच्या खाटेकडे वळते. तेच इंजेक्शन विद्यार्थिनी पहिल्यांदा देणार असेल, तर रुग्णाचे नाव, औषध, मात्रा, देण्याचा मार्ग आणि वेळ या पाचही गोष्टी ती माझ्यासमोर तपासते, औषध भरते, मी पुन्हा पाहते, तिचा हात थरथरत असतो म्हणून क्षणभर थांबते, रुग्णाला विश्वासात घेते, आणि तोवर वीस मिनिटे निघून जातात. ही वीस मिनिटे वाचवता येत नाहीत, किंबहुना वाचवू नयेत. परंतु त्याच पाळीत माझ्याकडे माझे स्वतःचे रुग्णही असतात आणि त्यांची औषधे विद्यार्थिनींसाठी थांबून राहत नाहीत. दोन विद्यार्थिनी असल्या तर मी त्यांना शिकवते, तीन असल्या तर सांभाळते आणि चार झाल्या की त्यांच्यातल्या दोघी भिंतीला टेकून उभ्या राहतात.

शिवाय रुग्ण हा सरावाचा पुतळा नव्हे. सकाळपासून तिसरी विद्यार्थिनी रक्तदाब मोजायला आली की शांत स्वभावाचा माणूससुद्धा हात आखडता घेतो, आणि तो त्याचा हक्क आहे. त्यातच त्या वॉर्डात दुसऱ्या एखाद्या संस्थेची तुकडी असते, वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी असतात, फिजिओथेरपीचे असतात. तेव्हा एका खाटेभोवती किती जणांनी उभे राहायचे याला मर्यादा येते, आणि ती ओलांडली तर भुर्दंड आजारी माणसाला पडतो.

वर्गाच्या आकाराचे गणित येथूनच उलट्या दिशेने मांडले जाते. भारतीय परिचर्या (नर्सिंग) परिषदेच्या निकषांत दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक आणि एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण धरलेले आहे. इतर देशांतही आकडे थोडे इकडेतिकडे असले तरी तत्त्व तेच आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार सर्वसाधारण परिचर्येचे शिक्षण किमान ४,६०० तासांचे असावे लागते आणि त्यातील निदान अर्धे तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत जावे लागतात. म्हणजे साठ जणांच्या एका तुकडीसाठी सुमारे १,३८,००० तास रुग्णांच्या सान्निध्यात आणि कोणाच्या तरी देखरेखीखाली उभे करायचे आहेत. बाके टाकून हे तास निर्माण होत नाहीत.

त्यातही सर्व वॉर्ड सारखे नसतात. मेडिसिन आणि सर्जरीच्या मोठ्या वॉर्डांत विद्यार्थी कसेबसे सामावतात. प्रसूतिकक्ष, बालरुग्ण विभाग आणि मानसोपचार विभाग मात्र लहान असतात, आणि प्रसूती काही वेळापत्रक पाहून होत नाही. ठरलेल्या आठवड्यांत विद्यार्थिनीला ठरावीक प्रसूती पाहायला आणि त्यांत मदत करायला मिळाल्या पाहिजेत; त्या मिळाल्या नाहीत तर तिची नोंदवही अपुरी राहते. त्यामुळे संपूर्ण तुकडीचा आकार बहुधा सर्वांत मोठ्या सभागृहावर ठरत नाही, तो सर्वांत अरुंद दारावर ठरतो. माझ्या पाहण्यात एका संस्थेने नवी इमारत बांधली, वर्गखोल्या दुप्पट झाल्या आणि जागा पूर्वीइतक्याच राहिल्या. बाहेरच्या लोकांना ते हास्यास्पद वाटले. मानसोपचाराचा वॉर्ड जेवढा होता तेवढाच होता, हे आत काम करणाऱ्यांना माहीत होते.

ही अडचण अलीकडची नाही. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० च्या जुलैमध्ये परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले तेव्हा पहिल्या तुकडीत अवघ्या पंधरा जणी होत्या. त्यांची निवड गुणपत्रिकेवर झालेली नव्हती. मेट्रन त्यांना पारखून घेत असे आणि पुढे दर महिन्याला प्रत्येकीचा वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा यांची नोंद ठेवत असे. पद्धत आजच्या नजरेला जाचक वाटते, आणि ती तशी होतीही. तरी ती नोंद खाटेपाशी काम करताना पाहून केलेली असे, ही गोष्ट मला आजच्या यंत्रावर तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांपुढे अधूनमधून आठवते.

आता तुटवड्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका आणि परिचारक होते आणि ५८ लाखांची उणीव होती. दुसऱ्या बाजूला अमेरिकेतील परिचर्या महाविद्यालयांच्या संघटनेची आकडेवारी पाहावी: पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आलेले, पात्रतेत बसणारे तब्बल ९१,९३८ अर्ज २०२१ साली आणि ६५,७६६ अर्ज २०२३ साली नाकारावे लागले. हे आकडे अर्जांचे आहेत, माणसांचे नव्हेत. एकाच मुलीने पाच ठिकाणी अर्ज केला असेल तर ती पाचदा मोजली जाते, एवढी सावधगिरी ते वाचताना ठेवावी. तरीही कारणे म्हणून महाविद्यालयांनी जे सांगितले ते महत्त्वाचे आहे: शिक्षक कमी, रुग्णालयातील प्रात्यक्षिकाच्या जागा कमी, देखरेख करणाऱ्या परिचारिका कमी, इमारत अपुरी, पैसा अपुरा. त्यात महासाथीच्या काळात या व्यवसायाकडे ओढा वाढला. २०२१ मध्ये ब्रिटनमधील नर्सिंगच्या अर्जदारांची संख्या आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळजवळ एक तृतीयांशाने वाढली. मागणारे वाढले, वॉर्ड मात्र तेवढेच राहिले, किंबहुना त्या दिवसांत विद्यार्थ्यांना काही वॉर्डांत येऊही दिले जात नव्हते.

शिक्षकांचा प्रश्न तर मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्याला आम्ही स्वतःही जबाबदार आहोत. शिकवायचे म्हणजे पदव्युत्तर शिक्षण हवे, ते घ्यायला वेळ आणि पैसा हवा, आणि ते घेतल्यानंतर रुग्णालयात अनुभवी परिचारिकेला जे वेतन मिळते त्याहून कमी वेतनावर अनेक ठिकाणी शिकवावे लागते. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणींपैकी उत्तम शिकवणाऱ्या तिघी होत्या. तिघींनीही अतिदक्षता विभाग सोडला नाही. मी स्वतः दोनदा अर्ज भरायला घेतला आणि दोन्ही वेळा बाजूला ठेवला. म्हणजे परिचारिका कमी असल्यामुळे शिक्षक कमी पडतात आणि शिक्षक कमी असल्यामुळे परिचारिका कमी तयार होतात. या चक्रातून बाहेर पडण्याचा एक मार्ग म्हणून सिम्युलेशनकडे, म्हणजे श्वास घेणाऱ्या, नाडी लागणाऱ्या पुतळ्यांवर रचलेल्या प्रसंगांकडे पाहिले जाते. अमेरिकेत राज्यांच्या परिचर्या मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रात्यक्षिकाच्या निम्म्या तासांपर्यंत सिम्युलेशन वापरले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत लक्षणीय फरक पडत नाही असे दिसले. पण ते सिम्युलेशन चांगल्या दर्जाचे आणि प्रशिक्षित शिक्षकांनी घेतलेले होते. कपाटात कुलूप लावून ठेवलेल्या पुतळ्याला तो निष्कर्ष लागू होत नाही, आणि तसे पुतळे मी पाहिले आहेत.

आणखी एक गोष्ट अर्जदारांना कोणी सांगत नाही. पहिल्या वर्षात कोणी अभ्यासक्रम सोडून गेले तर ती जागा पुढची तीन वर्षे बहुधा रिकामीच राहते, कारण दुसऱ्या वर्षात मधूनच नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे निवड करणाऱ्यांच्या मनात ‘ही मुलगी चांगली परिचारिका होईल का’ या प्रश्नाच्या आधी ‘ही शेवटपर्यंत टिकेल का’ हा प्रश्न असतो. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र यांतील गुणांना एवढे वजन का, याचे उत्तर येथे आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थी अडखळतात ते बहुतांशी याच विषयांत. रक्त पाहून घाबरणारी मुलगी महिन्याभरात सावरते. शरीरक्रिया समजत नसलेली मुलगी मात्र परीक्षेत मागे पडत जाते आणि एक दिवस यायची बंद होते.

गुणांवर निवड करणे अन्यायाचे आहे, असे म्हणणाऱ्यांशी म्हणूनच मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. गणिताचेच पाहा. प्रवेश परीक्षेत गुणोत्तर, दशांश आणि एककांची रूपांतरे विचारली की मुले कंटाळतात. पण ५०० मिलिलिटर सलाईन चार तासांत द्यायचे आहे आणि सलाईनच्या नळीच्या संचातून एका मिलिलिटरला वीस थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब ठेवायचे, हे माझ्या विद्यार्थिनीला खाटेपाशी उभे राहून सांगता आले पाहिजे. उत्तर सुमारे बेचाळीस. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते, आणि लहान मुलाच्या बाबतीत ही चूक किती भयंकर ठरू शकते हे सांगायला नको. तेव्हा गणिताची चाळणी योग्यच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. एका मर्यादेपर्यंतचे गुण खरोखर काहीतरी सांगतात. त्या मर्यादेच्या वर गेलेल्यांमध्ये मात्र अर्धा-पाव गुणांची क्रमवारी लावणे हे केवळ गर्दी पांगवण्याचे साधन उरते. अमेरिकेतल्या काही कम्युनिटी कॉलेजांनी हे प्रामाणिकपणे मान्य करून किमान पात्रता पूर्ण करणाऱ्यांत चक्क चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत ठेवली आहे. ऐकायला ते क्रूर वाटते. माझ्या अकराव्या क्रमांकापेक्षा मला ते अधिक सुसह्य वाटले असते, कारण चिठ्ठी निघाली नाही म्हणून कोणी स्वतःला कमी लेखत नाही.

मुलाखतींविषयी थोडक्यात. जेथे मुलाखत असते तेथे ‘मला लहानपणापासून सेवेची आवड आहे’ हे वाक्य परीक्षकांनी त्या दिवशी चाळीस वेळा ऐकलेले असते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात वैद्यकीय प्रवेशासाठी विकसित झालेली लघुमुलाखतींची पद्धत आता काही देशांत नर्सिंगसाठीही वापरतात. त्यात उमेदवार एकामागून एक अशा अनेक टेबलांवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक एखादा प्रसंग पुढे ठेवतो. सहकारी परिचारिकेने औषधाची नोंद न करता सही केलेली दिसली तर काय कराल? वृद्ध रुग्ण जेवायला नकार देतो, तेव्हा काय कराल? तेथे पाठ केलेले भाषण उपयोगी पडत नाही. ज्याने घरच्या एखाद्या आजारी माणसाची खरोखर उस्तवारी केली आहे, त्याचे उत्तर अडखळत आले तरी ओळखू येते.

मग पहिल्या वर्षी नाव न लागलेल्याने काय करावे? मी माझ्या तिसऱ्या प्रयत्नाआधी जे केले आणि जे करायला हवे होते ते सांगते. ज्या विषयात गुण कमी होते त्यावर भर देण्याऐवजी सगळ्याच विषयांची उजळणी करण्यात मी चार महिने घालवले, ते चुकले. प्रवेशाच्या सूत्रात कोणत्या विषयाला किती वजन आहे ते आधी पाहून त्यावरच घाव घालायला हवा होता. काही संस्था शास्त्रविषयांचे गुण ठरावीक वर्षांपेक्षा जुने असतील तर ग्राह्य धरत नाहीत, तेव्हा दोन-तीन वर्षे थांबायचे असेल तर हा नियम अर्ज करण्यापूर्वी वाचलेला बरा. एकाच नामांकित संस्थेवर डोळा ठेवण्याचा हट्ट मी दोन वर्षे केला आणि त्या हट्टाची किंमतही मोजली. पदविका करून नोंदणी घ्यायची आणि पुढे नोकरी करता करता पदवी पूर्ण करायची, हा रस्ता लांबचा असला तरी खरा आहे. माझ्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर त्याच रस्त्याने आल्या आहेत आणि रुग्णाची तब्येत बिघडू लागल्याचे त्यांच्याइतके लवकर ओळखणारे दुसरे कोणी मी पाहिलेले नाही. मधल्या वर्षात रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात मदतनिसाचे काम मिळाले तर घ्यावे. त्याचे गुण मिळतील की नाही, ते संस्थेवर अवलंबून आहे; पण हे काम आपल्याला झेपते का, याचे उत्तर तीन महिन्यांत मिळते, आणि ते ‘नाही’ असे आले तर आयुष्याची चार वर्षे वाचतात.

एक इशारा मात्र ठासून द्यावासा वाटतो. प्रतीक्षा यादीत अडकलेल्या मुलांच्या पालकांना गाठून ‘आमच्याकडे लगेच प्रवेश’ असे सांगणाऱ्या संस्था जवळजवळ सर्वत्र असतात. त्यांपैकी काहींना परिचर्या परिषदेची मान्यता नसते, काहींकडे स्वतःचे रुग्णालय नसते आणि ज्या रुग्णालयाशी करार असल्याचे सांगितले जाते तेथे विद्यार्थ्यांना कोणी ओळखतही नसते. मान्यता नसलेल्या ठिकाणचे प्रमाणपत्र हाती असले तरी नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. म्हणून माहितीपुस्तिकेतील हिरवळीचे फोटो पाहण्यापेक्षा तीन गोष्टी विचाराव्यात: परिषदेच्या चालू यादीत संस्थेचे नाव आहे का, विद्यार्थी कोणत्या वॉर्डात किती आठवडे जातात, आणि मागच्या तुकडीतील किती जणांनी शिक्षण पूर्ण करून नोंदणी मिळवली. तिसऱ्या प्रश्नावर समोरची व्यक्ती विषय बदलू लागली तर उठून यावे.

गेल्या महिन्यात आमच्या रुग्णालयाशी जोडलेल्या महाविद्यालयाच्या प्राचार्या मॅडमचा मला फोन आला. यंदा अर्ज बरेच आले आहेत, जागा वाढवण्याचा विचार चालू आहे, तेव्हा तुमच्या वॉर्डात सकाळच्या पाळीत सहाऐवजी आठ विद्यार्थिनी घेता येतील का, असे त्यांनी विचारले. मी दुसऱ्या दिवशी सांगते म्हणाले. रात्री ड्युटीचा तक्ता काढून बसले. सकाळच्या पाळीत आम्ही चौघी, त्यातली एक रजेवर जाणार, दुसरी नवीन रुजू झालेली, जिच्यावरच अजून कोणाला तरी नजर ठेवावी लागते. खाटा तीस, त्यांपैकी आठ-दहा रुग्ण असे की ज्यांना विद्यार्थ्यांनी हात लावू नये. तक्ता तीनदा मांडून पाहिला. प्रतीक्षा यादीत फोन हाताशी ठेवून बसलेल्या दोन मुली त्या तक्त्याच्या पलीकडे मला दिसत होत्या, आणि त्यांना कोणी सांगणार नव्हते की त्यांची जागा कोणत्या खोलीत, कोणत्या टेबलावर, कोणाच्या पेन्सिलीने ठरत आहे. सकाळी मी मॅडमना फोन केला आणि सहाच पाठवा म्हणून सांगितले.